अभिचालित्र, मोटारगाडीच्या शीर्षदीपांचे

अल्प विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने मोठ्या प्रवाहाचे मंडल जोडणाऱ्या अथवा तोडणाऱ्या विद्युत् चुंबकीय साधनास अभिचालित्र म्हणतात. मोटारगाडीच्या पुढील बाजूस असलेल्या मोठ्या दिव्यांना, म्हणजेच शीर्षदीपांना, होणारा विद्युत् पुरवठा पुष्कळ गाड्यांत अशा साधनामार्फत होतो. गॅरेजमध्ये व बाजारात हे साधन ‘रिले’ आणि दिवे ‘हेडलाइट’ या नावांनीच ओळखले जातात. दिवे बंद पडले की, पहिला संशय या लहानशा डबीवर घेतला जातो, ती बदलली जाते आणि दोष मात्र पुष्कळदा तसाच राहतो. अभिचालित्रात दोन स्वतंत्र मंडले एकत्र येतात. त्यांपैकी दोष कोणत्या मंडलात आहे, हे ठरविल्याशिवाय अभिचालित्र सदोष आहे की निर्दोष, हे सांगता येत नाही. प्रस्तुत नोंदीत रचनेची व कार्याची माहिती देऊन मुख्यत्वे दोषनिदानाचा विचार केला आहे.

विषय लहान वाटला, तरी त्याचे परिणाम लहान नाहीत. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सु. १७ मी. अंतर तोडते. दिवे अकस्मात गेले आणि चालकाला सावरण्यास दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी सु. ३३ मी. अंधारात पुढे गेलेली असते. ग्रामीण रस्त्यांवर, जेथे रस्त्याच्या कडेला दिवे नसतात, तेथे या अंतरात काय असेल ते सांगता येत नाही. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, भीमा व नीरा या नद्यांच्या संगमावर वसलेले नरसिंहपूर आणि त्यामागील इंदापूर व बारामती हे तालुके याचे चांगले उदाहरण होत. हा उसाचा प्रदेश असून गळीत हंगामात साखर कारखाने रात्रंदिवस चालू असतात. त्यामुळे दोन दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मालमोटारी व बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात. बैलगाडीला व पुष्कळ ट्रेलरांना मागे स्वतःचा चालू दिवा नसतो. असलाच तर परावर्तक असतो. परावर्तक स्वतः प्रकाश देत नाही, त्यावर पडलेला प्रकाशच तो परत पाठवितो. म्हणून मागून येणाऱ्या गाडीचे शीर्षदीप मंद झाले वा विझले, तर त्या गाडीला रस्ता दिसत नाही एवढेच नव्हे, तर पुढची बैलगाडीही तिच्या चालकापुरती अदृश्य होते. एकाच्या दिव्यातील दोषाची किंमत अशा रीतीने दुसऱ्याला मोजावी लागते.

पूर्वपीठिका : अभिचालित्राचा जन्म मोटारगाडीच्या बराच आधीचा आहे. अमेरिकन भौतिकीविज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास एका मंडलातील क्षीण प्रवाहाने दुसरे मंडल चालविण्याची युक्ती योजली. तारायंत्रात लांबच्या तारेतून येणारा संदेश क्षीण होई, तेव्हा त्या क्षीण प्रवाहाने केवळ एक पट्टी हलवून पुढच्या टप्प्याला नव्या घटमालेचा प्रवाह देत असत. ‘रिले’ हा शब्द फ्रेंचमधून आला असून प्रवासाच्या टप्प्यावर थकलेल्या घोड्यांऐवजी ताजे घोडे जोडणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. आपल्याकडील डाकेच्या चौक्यांची व्यवस्था याच तत्त्वावर चालत असे, त्यामुळे ही उपमा मराठी वाचकास परकी वाटू नये.

मोटारगाडीत डायनामोच्या काळापासून ‘कटआउट’ या नावाचे एक विद्युत् चुंबकीय साधन असे. एंजिन थांबल्यावर घटमालेतील प्रवाह डायनामोत उलट शिरू नये म्हणून ते मंडल तोडीत असे. शीर्षदीपांसाठी मात्र त्या पिढीच्या अनेक मोटारींत वेगळे अभिचालित्र नव्हते. दिव्यांचा सगळा प्रवाह चालकाच्या हाताखालील स्विचमधूनच जाई. भारतात मोटारनिर्मितीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचा संबंध वर उल्लेखिलेल्या प्रदेशाशीच येतो. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही साखर व यंत्रनिर्मितीची वसाहत त्यांचीच आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनीही त्यांनीच स्थापन केली. जुन्या मोटारींत स्विच तापणे व दिवे पिवळट पडणे या तक्रारी नेहमीच्या असत. हॅलोजन दिवे सर्वत्र रूढ झाल्यावर अभिचालित्राची गरज अधिक तीव्रतेने भासू लागली.

रचना व कार्य : सामान्य अभिचालित्र म्हणजे सु. २·५ सेंमी. बाजूची प्लॅस्टिकची घनाकार डबी असून तिच्या तळाशी चार अथवा पाच चपटी अग्रे असतात. आत मऊ लोखंडाच्या गाभ्यावर बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की, गाभा चुंबकित होऊन लोखंडाची एक हलती पट्टी ओढून घेतो व पट्टीवरील संपर्कबिंदू स्थिर संपर्कबिंदूवर टेकतो. प्रवाह थांबला की, स्प्रिंग पट्टीला मागे खेचते. पट्टी टेकताना होणारा ‘टक’ असा आवाज गाडीत बसूनही ऐकू येतो. संपर्कबिंदू चांदीच्या मिश्रद्रव्याचे असतात. कारागीर त्यांना ‘पॉइंट’ म्हणतात.

अग्रांना जर्मन मानकानुसार ठरविलेले क्रमांक जगभर रूढ आहेत. ८५ व ८६ ही वेटोळ्याची दोन टोके, ३० हे घटमालेकडून थेट येणारे अग्र आणि ८७ हे दिव्यांकडे जाणारे अग्र होय. पाचवे अग्र ‘८७ अ’ असल्यास ते विश्रामावस्थेत ३० शी जोडलेले असते व वेटोळे कार्यान्वित झाल्यावर सुटते. शीर्षदीपांसाठी त्याचा सहसा उपयोग होत नाही. अनेक डब्यांवर अंतर्गत जोडणीची लहान आकृती छापलेली असते. निदानाला सुरुवात करण्यापूर्वी ती वाचण्याइतका उपयुक्त दुसरा उपाय नाही, परंतु नेमकी तीच वाचली जात नाही.

१२ व्होल्टच्या अभिचालित्रातील वेटोळ्याचा रोध साधारणतः ७० ते १०० ओहम असतो. ८५ ओहम धरल्यास त्यातून सु. ०·१४ अँपिअर प्रवाह वाहतो. याउलट ६०/५५ वॉट क्षमतेचे दोन हॅलोजन दिवे लांबच्या झोतासाठी मिळून १२० वॉट, म्हणजे १२ व्होल्ट दाबाला १० अँपिअर प्रवाह घेतात. चालकाचा स्विच ०·१४ अँपिअरचा भार वाहतो आणि १० अँपिअरचा भार अभिचालित्र वाहते, हे या साधनाच्या उपयुक्ततेचे मर्म होय.

याचा दुसरा लाभ प्रकाशाच्या प्रमाणात दिसतो. १ चौ. मिमी. छेदाच्या ५ मी. लांब तांब्याच्या तारेचा रोध सु. ०·०८६ ओहम असतो. १० अँपिअर प्रवाह अशा तारेने स्विचपर्यंत नेऊन परत आणला, तर केवळ तारेतच ०·८६ व्होल्ट खर्ची पडतात. तंतुदीपाचा प्रकाश विद्युत् दाबाच्या साधारणतः ३·४ व्या घातांकाने बदलतो. त्यामुळे दाबातील ७ टक्के घट प्रकाशात पाचव्या हिश्शाहून अधिक घट घडवून आणते. दाब १० टक्क्यांनी उतरल्यास प्रकाश सु. ३० टक्क्यांनी उतरतो. अभिचालित्र घटमाला व दिवे यांच्या जवळ बसवून जाड व आखूड तारा वापरल्या, तर ही हानी बरीचशी टळते.

दोषांचे स्वरूप : अभिचालित्रातील सर्वांत नेहमीचा दोष संपर्कबिंदूंचा. दिव्याचा थंड तंतू पेटताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर घेतो आणि दिवा मालविताना बिंदूंमध्ये सूक्ष्म विद्युत् प्रज्योत निर्माण होते. या दोन्हींमुळे बिंदू खडबडीत व काळे पडतात. त्यांनी ‘कार्बन धरला’ असे म्हटले जाते. अशा बिंदूंचा रोध ०·१ ओहम इतका जरी वाढला, तरी १० अँपिअर प्रवाहाला तेथे १ व्होल्ट दाब नष्ट होतो व १० वॉट उष्णता त्या इवल्याशा जागेत निर्माण होते. उष्णतेने रोध आणखी वाढतो, रोधाने उष्णता आणखी वाढते. याच्या उलट प्रकारात बिंदू वितळून एकमेकांना चिकटतात. मग स्विच बंद केला, तरी दिवे जळतच राहतात. १० अँपिअर प्रवाह आठ तास वाहिला, तर ८० अँपिअर-तास विद्युत् भार खर्च होतो, म्हणजे एखाद्या ट्रॅक्टरची घटमाला सकाळपर्यंत रिती होऊ शकते.

वेटोळे तुटणे हा दोष त्यामानाने विरळ. ओलाव्याने तार झिजणे किंवा डाखाच्या जागी तडा जाणे ही त्याची कारणे होत. डाखातील तडा गाडी थंड असताना जोडलेला राहतो व तापल्यावर उघडतो. त्यामुळे अर्ध्या तासाने दिवे जातात, थांबून पाहावे तर पुन्हा लागतात. अशा लपंडावाने चालक व कारागीर दोघेही हैराण होतात.

तिसरा प्रकार अभिचालित्राचा नसून त्याच्या बैठकीचा, म्हणजे सॉकेटचा असतो व तोच सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. बैठकीतील पितळी पकड सैल झाली की, अग्राशी तिचा स्पर्श अपुरा होतो, तेथे उष्णता निर्माण होते, प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळते व शेवटी डबीही जळते. जळलेली डबी पाहून कोणीही तिलाच दोषी ठरवील. नवी डबी त्याच सैल पकडीत खोचली, तर काही आठवड्यांत तीही जळते. डबी काढल्यावर ३० किंवा ८७ या अग्राभोवतीचे प्लॅस्टिक विवर्ण झालेले दिसल्यास बैठकीची पकड बदलणे हीच खरी दुरुस्ती होय. बाजारात मिळणारे १००/९० वॉटचे दिवे बसविल्यास हा दोष लवकर उद्भवतो. दोन दिव्यांचा प्रवाह तेव्हा १७ अँपिअरच्या घरात जातो. ३० अँपिअर क्षमतेचे अभिचालित्र तो सहन करील, परंतु मूळच्या बारीक तारा, बैठक व दिव्याचा धारक तो सहन करतीलच असे नाही.

दोषनिदान : निदानाचा आरंभ हत्यारांनी नव्हे, तर लक्षणांनी करावा. एकाच बाजूचा दिवा गेला असेल, तर अभिचालित्राचा दोष सहसा संभवत नाही, कारण बहुतेक जोडण्यांत एकच अभिचालित्र दोन्ही बाजूंच्या दिव्यांना प्रवाह पुरविते. दिव्याचा तंतू, त्या बाजूची वितळतार म्हणजे फ्यूज, किंवा त्या दिव्याचा भूसंपर्क पाहावा. एक दिवा मंद लागतो आणि अप्परचा निळा दर्शक-दिवाही अंधुकसा उजळतो, असे दिसल्यास त्या दिव्याचा भूसंपर्क तुटला आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. प्रवाहाला परतीची सरळ वाट न मिळाल्याने तो दुसऱ्या तंतूतून आडवाटेने जात असतो. दोन्ही बाजूंचा केवळ अप्पर, म्हणजे लांबचा झोत, किंवा केवळ डिपर, म्हणजे खालचा झोत, गेला असेल, तर त्या झोताचे अभिचालित्र, वितळतार अथवा निवडीचा स्विच यांवर संशय घ्यावा. दोन्ही बाजू, दोन्ही झोत एकदम गेले असता समाईक पुरवठ्याकडे वळावे. दोन्ही बाजूंचे तंतू एकदम तुटणे अगदी अशक्य नाही. सदोष नियंत्रकामुळे विद्युत् दाब अवाजवी वाढला असता तसे घडते. म्हणून दिवे काढून पाहण्याचा कंटाळा करू नये.

डबीतून सतत ‘टकटक’ असा आवाज येत असेल, तर वेटोळ्याला पुरेसा दाब मिळत नाही, असे समजावे. १२ व्होल्टच्या अभिचालित्राची पट्टी ओढली जाण्यास साधारणतः ७ ते ८ व्होल्ट लागतात. घटमाला दुर्बल असली किंवा पुरवठ्याच्या तारेचा जोड खराब असला, तर दिवे लागताच दाब कोसळतो, पट्टी सुटते, दिवे जाताच दाब सावरतो आणि पट्टी पुन्हा ओढली जाते. येथे डबी बदलून काहीच साधत नाही.

स्विच चालू केल्यावर एकदाच ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला, पण दिवे लागले नाहीत, तर वेटोळे व त्याचे मंडल ठीक आहे, एवढेच सिद्ध होते. ‘रिले वाजतो, म्हणजे रिले चांगला’ हा गॅरेजमधील समज अर्धाच खरा आहे. पट्टी हलली, पण काळ्या पडलेल्या बिंदूंतून प्रवाह गेला की नाही, हे आवाज सांगत नाही. आवाज मुळीच न आल्यासही डबी खराब असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण वेटोळ्याला प्रवाहच मिळाला नसेल.

यापुढची परीक्षा डबी काढून तिच्या बैठकीत करावी लागते. त्यासाठी दोन तारा जोडलेला १२ व्होल्ट, २१ वॉटचा ब्रेक-दिवा पुरेसा असतो. अशा चाचणी-दिव्याला कारागीर ‘टेस्ट लॅम्प’ म्हणतात. तो सु. १·७५ अँपिअर प्रवाह घेतो आणि हाच त्याचा गुण होय. अंकीय बहुमापक जवळजवळ शून्य प्रवाह घेत असल्याने, तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो व परीक्षकाची फसगत करतो. पहिल्या परीक्षेत दिव्याचे एक टोक ३० च्या पकडीत व दुसरे गाडीच्या सांगाड्याच्या स्वच्छ भागावर टेकवावे. दिवा लख्ख लागल्यास घटमालेकडील पुरवठा व वितळतार ठीक आहेत. दुसऱ्या परीक्षेत शीर्षदीपांचा स्विच चालू करून ८५ व ८६ या दोन पकडींमधील दाब पाहावा. येथे मात्र बहुमापक किंवा अगदी लहान दिवा वापरावा, कारण वेटोळ्याचे मंडल मोठ्या प्रवाहासाठी केलेले नसते. दोन पकडींमध्ये मोजण्यावर भर देण्याचे कारण असे की, काही गाड्यांत स्विच धन बाजूस, तर काहींत ऋण बाजूस असतो. केवळ ८६ वर १२ व्होल्ट मिळाले, म्हणजे स्विच चालतो, असे मानणे दुसऱ्या प्रकारच्या गाडीत साफ चुकीचे ठरते. तिसऱ्या परीक्षेत ३० व ८७ या पकडी १५ अँपिअरची वितळतार घातलेल्या जाड तारेने क्षणभर जोडाव्यात. शीर्षदीप पूर्ण तेजाने लागले, तर पुढची सर्व वाट मोकळी आहे.

तिन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तर दोष डबीत किंवा डबी व पकड यांच्या स्पर्शातच असला पाहिजे. पहिली फसली तर पुरवठ्यात, दुसरी फसली तर स्विच अथवा त्याच्या तारांत, तिसरी फसली तर दिव्यांच्या बाजूस दोष आहे. या तीन परीक्षांना पाच मिनिटेही लागत नाहीत.

दिवे लागतात, पण मंद लागतात, अशा वेळी डबी जागेवर ठेवून व दिवे चालू ठेवून ३० आणि ८७ यांमधील दाब बहुमापकाने मोजावा. चांगल्या संपर्कबिंदूंवर तो ०·१ ते ०·२ व्होल्टहून अधिक नसतो. अर्धा व्होल्ट वा अधिक मिळाल्यास बिंदू खराब झाले आहेत आणि पूर्ण १२ व्होल्ट मिळाल्यास ते टेकतच नाहीत. डबी बाहेर काढून बिंदूंचा रोध ओहममध्ये मोजणे मात्र निरुपयोगी आहे. ०·१ ओहम हा घातक रोध व मापकाच्या स्वतःच्या तारांचा रोध यांत साधा मापक भेद करू शकत नाही. वेटोळ्याचा रोध मोजणे उपयुक्त आहे. तो अनंत आल्यास वेटोळे तुटले आहे. मात्र काही डब्यांत वेटोळ्याला समांतर एक रोधक बसविलेला असतो. अशा डबीत वेटोळे तुटूनही शेकडो ओहम रोध दिसतो.

शेजारचे, उदाहरणार्थ हॉर्नचे, तशाच क्रमांकाचे अभिचालित्र काढून शीर्षदीपांच्या जागी लावून पाहणे ही रस्त्यावर करता येण्याजोगी उत्तम चाचणी आहे. त्यापूर्वी दोन्ही डब्यांवरील आकृती व व्होल्टचा आकडा जुळतो ना, हे पाहावे. मालमोटारींत २४ व्होल्ट, तर जीप व ट्रॅक्टर यांत १२ व्होल्ट पद्धती असते. १२ व्होल्टचे वेटोळे २४ व्होल्टवर जळते आणि २४ चे वेटोळे १२ वर पट्टी ओढीत नाही. वेटोळ्याशी समांतर द्विप्रस्थ असलेल्या डबीत ८५ व ८६ ची अदलाबदल झाल्यास द्विप्रस्थामार्फत मंडल संक्षिप्त होते व वितळतार उडते. डबीवर पेचकसाच्या मुठीने टिचकी मारून दिवे लागले, तर दोष आसपास आहे एवढे कळते. तो डबीत की पकडीत, हे कळत नाही, कारण टिचकीने दोन्ही हलतात.

तात्पुरत्या उपायांचा धोका : रात्री रस्त्यात अडकलेला चालक ३० व ८७ मध्ये तार खोचून गाव गाठतो, हे समजण्यासारखे आहे. वितळतार शाबूत असेल व गावी पोहोचताच तार काढली जाणार असेल, तर त्यात मोठा धोका नाही. प्रत्यक्षात ती तार महिनोन्महिने राहते, दिवे मालविण्यासाठी घटमालेची तार सोडण्याची सवय लागते आणि वितळतार उडू लागली की, तिच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली जाते. हा शेवटचा प्रकार सर्वथा वर्ज्य मानला पाहिजे. त्यानंतर मंडलातील सर्वांत दुर्बल भाग वितळतार न राहता गाडीच्या आतील तारांचे निरोधन होते व आग तेथे लागते.

प्रादेशिक परिस्थिती : नरसिंहपूर, इंदापूर व बारामती या पट्ट्यातील ट्रॅक्टर हंगामात ऊस ओढतात व उरलेल्या काळात शेतात चिखलात काम करतात किंवा उघड्यावर उभे असतात. पावसाळ्यातील ओलाव्याने पितळी पकडींवर हिरवट थर चढतो, सांगाड्यावरील भूसंपर्काचे बोल्ट गंजतात आणि उभ्या गाडीतील तारा उंदीर कुरतडतात. हे सर्व दोष दिवसाच्या कामात लक्षात येत नाहीत. हंगामाच्या पहिल्या रात्रफेरीत ते एकदम प्रकट होतात. यास्तव कारखाना सुरू होण्यापूर्वी पकडी व भूसंपर्क खरवडून घट्ट करणे आणि दिवे पाऊण तास सलग लावून अभिचालित्राची डबी हाताला किती तापते ते पाहणे हितावह असते. डबी कोमट लागणे स्वाभाविक आहे, हात ठेवता न येणे हे दोषाचे लक्षण होय.

ट्रॅक्टरवर जादा दिवे व ध्वनिक्षेपक बसविण्याची हौस या भागात, आणि एकंदरच ऊस पट्ट्यात, मोठी आहे. त्यांच्या तारा पुष्कळदा शीर्षदीपांच्याच मंडलातून काढलेल्या असतात. अशा वेळी निदानाची पहिली पायरी म्हणजे या सर्व जादा जोडण्या सोडवून मूळ मंडल एकटे तपासणे. जादा दिवे हवेच असतील, तर त्यांना स्वतंत्र वितळतार व स्वतंत्र अभिचालित्र द्यावे. बारामती येथे तीनचाकी वाहनांचा कारखाना असल्याने त्या वाहनांचे सुटे भाग व जाणकार कारागीर या परिसरात सहज मिळतात, परंतु ट्रॅक्टरचे काम बहुधा गावच्या नाक्यावरील कारागिराकडेच येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणे बंधनकारक आहे. दिव्यांचा दोष ही त्यामुळे केवळ मालकाच्या सोयीची बाब राहत नाही.

अलीकडील बदल : १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचे शीर्षदीप एंजिन चालू असेपर्यंत आपोआप लागलेले राहतात. त्यांत चालकाला दिवा मालविण्याचा स्विचच नसल्याने, स्विच बंद असूनही दिवा जळतो हे लक्षण तेथे निदानाला उपयोगी पडत नाही. नव्या मोटारगाड्यांत पुष्कळदा अभिचालित्राऐवजी अर्धसंवाहक स्विच असून त्यावर संगणकीय नियंत्रकाचा ताबा असतो. त्यात हलणारा भाग नाही, ‘टक’ असा आवाज नाही आणि काढून बदलता येणारी डबीही नाही. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की, असा स्विच स्वतःच मंडल तोडतो व दोषाची सांकेतिक नोंद ठेवतो. ती नोंद वाचण्यास वेगळे उपकरण लागते. अशा गाडीत २१ वॉटचा चाचणी-दिवा नियंत्रकाच्या अग्रांना लावणे धोक्याचे आहे, कारण नियंत्रकाला तो भार झेपेलच असे नाही. काही गाड्यांत नियंत्रकाच्या पट्टावरच अभिचालित्र डाख देऊन बसविलेले असते व ते निकामी झाल्यास संपूर्ण पट्ट बदलण्याचा सल्ला दिला जातो. डाखकामात कुशल असलेला कारागीर केवळ तेवढा घटक बदलू शकतो. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाचे, म्हणजे एलईडीचे, दिवे हॅलोजन दिव्यांच्या मानाने बराच कमी प्रवाह घेत असल्याने संपर्कबिंदूंवरील ताण घटला आहे. तथापि जुन्या ट्रॅक्टरांत, जीपगाड्यांत व मालमोटारींत चार अग्रांची डबी अजूनही कार्यरत आहे. नवी डबी घेताना तिच्यावरील व्होल्ट व अँपिअर यांचे आकडे, अग्रांची आकृती आणि आत द्विप्रस्थ आहे किंवा कसे, या गोष्टी जुन्या डबीशी ताडून पाहाव्यात.